गालिच्याचा नक्शा आणि माझी सुटका

ता. १० जानेवारी १८८७
राणीसाहेबांच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून पुढच्या महिन्यात काही कैदी सोडणार. जेलर म्हणाला, कामात मन घालणाऱ्यांचा विचार होईल. म्हणजे माझाच. माझ्यावर खोट्या साक्षीचा आरोप. साक्ष खरीच होती, फक्त मी तिथे नव्हतो.
रघुची मुंज अठ्ठावीस फेब्रुवारीला, नौपाड्यात. बाप हवाच. आजपासून गालिच्याच्या कारखान्यात जीव ओतायचा.

ता. १४
नक्शा वाचायचे काम मिळाले! कागद बघून मी ओरडतो, दोन लाल, एक हिरवा. मागावरचे आठ जण तशा गाठी मारतात.

ता. २१
कळव्याचा दगडू मिठागरावरच्या मारामारीत आत आलेला. मागावर अगदी गचाळ. पण मिशनच्या शाळेत अक्षरे गिरवलेला. माझ्याखेरीज वाचता येणारा इथे तोच. म्हणतो, पंत, मना पन शिकवा ना नक्शा. साफ नाही म्हटले. तुरुंगाच्या मोठ्या साहेबांना मी एकटाच दिसायला हवा.
घसा बसलाय. उद्यापासून हळू ओरडायचे.

ता. २२
हळू ओरडलो. हिरव्याच्या जागी पिवळा गेला. सोमवारपासून मोठ्याने.

ता. ३ फेब्रुवारी
साहेब जेलरला म्हणाले, ह्या माणसावाचून कारखाना बंद पडेल. एवढे सर्टिफिकेट कुणाला मिळते! धाकट्या भावाला, आनंदला, निरोप धाडला: रघुला मांडीवर मीच घेणार, तू पंगतीचे बघ.

ता. १६
यादी वाचली. बारा नावे. माझे नाही. दगडूचे आहे! म्हणे, मागावर निरुपयोगी, ठेवून काय करायचे. आणि मी? मी कामाचा, म्हणून आत. असा विश्वासघात वैऱ्यानेही केला नसता. जेलरचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले. दुपारी तोच नवा नक्शा घेऊन आला. घेतला.

ता. १७
साहेबांकडे अर्ज केला. म्हणाले, दुसरा वाचणारा दे, तुझेही नाव घालतो. धावत दगडूकडे गेलो. तो घोंगडी खांद्यावर टाकून फाटकाशी उभा. म्हटले, चार दिवस थांब रे, सगळे शिकवतो. म्हणाला, पंत, तवा नाय शिकवलात, आता मना घरा जाऊ द्या.
कृतघ्न.

ता. २८, दुपारी
मुहूर्त सकाळी नऊचा होता. रघु काकाच्या मांडीवर बसला असेल, मंत्रही काकानेच कानात सांगितला असेल. त्या वेळी मी चार लाल, एक पिवळा म्हणत होतो. रडू आले. आवाज मात्र चोख निघाला. आठ जणांत एकाचीही गाठ चुकली नाही.