चारी बाजूंनी ‘रुकिए’

बाबा, आज दुपारी मी पांढुर्ण्याच्या एका कॉलनीत चौकाच्या कडेला चक्क रस्त्यावर उकिडवी बसले होते. निवृत्तीला आलेली बाई, नगरपालिकेची इंजिनीअर, पदर खोचून जमिनीलगत काय बघते आहे, म्हणून शाळेतून येणाऱ्या दोन पोरी सायकली धरून उभ्याच राहिल्या. समोरच्या गच्चीवरून एकीनं विचारलंही, "मॅडमले चक्कर आली का व?" मला हसू आवरेना. सौसरला आपल्या घरापाशी तुम्ही असेच बसला होतात, तेव्हा तुम्हालाही चक्कर आली समजून कोणीतरी पाण्याचा तांब्या आणला होता. या कॉलनीच्या लोकांना चारी रस्त्यांवर थांबण्याचे बोर्ड हवे आहेत. हो म्हणणं फार सोपं असतं. चार खांब रोवले की लोक खूश, ऑफिस खूश. पण मी हो म्हणायला जाते आणि तुम्ही आडवे येता.

तेव्हा मी बारावीत होते आणि तुम्ही सौसरच्या नगरपालिकेत ओव्हरसियर. आपलं घर चौकाच्या अगदी कोपऱ्यावर. आईला उघड्या परसात भांडी घासायला संकोच वाटायचा, म्हणून तुम्ही स्वतः उभं राहून डोक्याच्या वर जाईल अशी भिंत बांधून घेतली होती. भिंतीच्या आत, नेमकं कोपऱ्यात, आईचं संत्र्याचं झाड. त्याचं कलम तिनं लोधीखेड्याहून, माहेराहून, बसमध्ये मांडीवर धरून आणलं होतं. त्या वर्षी झाडाला पहिल्यांदा फळ धरलं होतं, आणि आई रोज सकाळी चहाच्या आधी झाडाकडे एक चक्कर मारायची. त्याच कोपऱ्यावर समोरच्या काकूंच्या मुलीला शाळेतून सायकलवर येताना एका राजदूत मोटरसायकलनं उडवलं. पोरीचा पाय मोडला. काकू दुसऱ्या दिवशी आपल्याकडे आल्या, चहाला हात लावला नाही, आणि म्हणाल्या, "भाऊजी, चारी बाजूनं बोर्ड लावून द्या. माही पोरगी खाटेवर पडून आहे, अन् गाड्या तशाच धावून राहिल्या." तुम्ही आठवड्याच्या आत पत्र्याचे लाल बोर्ड लावले, वर पांढऱ्या अक्षरात ‘रुकिए’, आणि रस्त्यावर चुन्याच्या रेघा.

पहिले काही दिवस काय गंमत होती ती. जो तो थांबायचा, आणि थांबला की पुढं जाईना. एकदा इकडून कापसाची बैलगाडी आणि तिकडून सायकलवर हेडमास्तर. "गुरुजी, निघा तुमी." "नाही पाटील, तुमच्या गाडीत वजन आहे, तुम्ही निघा." तेवढ्यात तिसऱ्या बाजूनं गल्लीतल्या कोणाचे तरी जावई स्कूटरवर आले, मग हे दोघं मिळून जावयालाच आग्रह करायला लागले. शेवटी बैल कंटाळून आपले आपण निघाले. तुम्ही ओट्यावर बसून पोट धरून हसत होतात. मग हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं की बहुतेक वेळा समोरून कोणी येतच नाही. "मोकया रस्त्यात कायले थांबू?" असं एकानं तुमच्या तोंडावर विचारलं, आणि बोर्ड बिचारे नुसते उभे राहिले. थांबणं बंद झालं, याचंही तुम्हाला फारसं काही वाटलं नसतं. पण पोरांचा बोर्डावर विश्वास बसला होता. एक लहान मुलगी बोर्ड बघून, इकडंतिकडं न बघता चौकातून धावत गेली आणि एक स्कूटर तिच्या फ्रॉकला घासून गेली. तिला काही झालं नाही. तुम्ही मात्र कप खाली ठेवला आणि त्या दिवशी जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही काकूंच्या मुलीची सायकल मागून आणली आणि मला म्हणालात, "शाळेकडून ये, ती यायची तशीच. तू दिसलीस की मी हात वर करेन, तोवर थांबायचं नाही." मी आले तेव्हा तुम्ही दुसऱ्या रस्त्यावर, राजदूतवर बसलेल्या माणसाच्या उंचीला वाकून उभे. मग म्हणालात, परत ये. या वेळी लहान पोराच्या उंचीला उकिडवे. प्रत्येक वेळी माझं पुढचं चाक चौकात शिरल्यावरच तुमचा हात वर जात होता. मध्ये आपली भिंत होती, आणि भिंतीवरून बाहेर वाकलेल्या संत्र्याच्या फांद्या. तुम्ही तिथंच बसून राहिलात, भिंतीकडं बघत. तो पाण्याचा तांब्या आला तो तेव्हा.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून एवढंच म्हणालात की बोर्डानं काम होत नाही, भिंत खाली घ्यावी लागेल, आणि झाडही. आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "तोडा न मग," ती म्हणाली. "त्या पोरीचा पाय मोडला, अन् मी काय संत्री सोलून खाऊ?" मग जरा थांबून, "फक्त मी माहेरी गेल्यावर तोडा." मी त्या वयात तुम्हा दोघांकडं नुसती बघत राहिले होते, आणि अजूनही मनातल्या मनात तशीच बघत असते.

तुम्ही बोर्ड काढायला लावले तेव्हा काकू रस्त्यावर येऊन तुम्हाला नाही नाही ते बोलल्या. सगळी गल्ली गोळा झाली. तुम्ही त्यांना बोलू दिलं आणि मग सगळ्यांसमोर म्हणालात, "वहिनी, बोर्ड नव्हता म्हणून नाही झालं. माझ्या भिंतीमुळं तुमची पोरगी त्याला दिसली नाही." साहेब लोक असं बोलत नसतात, बाबा. मी पुढं इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, कोणाला असं बोलताना ऐकलं नाही. आई माहेराहून परतली तेव्हा भिंत कंबरेएवढी झाली होती, कोपरा तिरपा छाटला होता, झाडाच्या जागी मुरूम होता. तेव्हापासून ती रस्त्याकडं पाठ करून भांडी घासू लागली. पुढं ती पोरगी पुन्हा सायकलवर बसली, तेव्हा काकूच त्यांच्या ओट्यावरून आईला ओरडून सांगत होत्या, "व बाई, शाळेच्या वळणापासून दिसून राहिली मले."

आजही तेच निघालं. कोपऱ्यावर एका निवृत्त मास्तरांची उंच भिंत आहे आणि तिच्यावर त्यांच्या बायकोनं लावलेली जुईची वेल. बोर्ड नको, आधी भिंत खाली घ्या, असं मी सांगितलं. मास्तर भले माणूस. भांडले नाहीत. वेलीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमची असती तर पाडली असती का तुम्ही?" मी ताठ मानेनं म्हणाले, माझ्या वडिलांनी पाडली होती. आणि जीपमध्ये येऊन बसले.

बाबा, त्यांनी तुमच्याबद्दल विचारलंच नव्हतं.