डॉक्टरांच्या खोलीतला चष्मा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, वेधशाळेतला निवृत्त यंत्रदुरुस्ती कारागीर, सगळ्यांचा मिस्त्री, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; दवाखान्याचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. पत्नी चौदा महिन्यांपूर्वी गेली आणि आम्हाला मूलबाळ नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि बँकेत जे काही निघेल ते, पत्नीच्या बहिणीच्या मुलीला, आमच्या भाचीला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो. तो मीच बसवला होता आणि त्यावरून मी सव्वीस वर्षे टोमणे खाल्ले. भाचीने तो खुशाल बदलावा.

२. लेथ, कानशी आणि बारीक पेचकसांची पेटी समोरच्या घड्याळवाल्याला द्यावी. अट एकच, पेचकस कोणाला उसने देऊ नयेत. माझ्या धाकट्या भावाने एक नेला, त्याने रंगाचा डबा उघडला आणि टोक मोडून परत आणला, वर म्हणाला, असाच होता. भावाला काही देऊ नये. त्याला कारण माहीत आहे.

३. वेधशाळेच्या इमारतीला आता वारसा म्हणतात आणि तिला एक वारसा समिती आहे. या समितीला माझ्याकडून एक खिळासुद्धा जाऊ नये. कारण लिहून ठेवतो.

तळमजल्यावर उत्तरेकडे एक खोली आहे. तिथे माझी पत्नी एकतीस वर्षे बसली. दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंच्या काचा उजेडावर धरून ती एकेका ताऱ्याचे तेज मोजायची आणि वहीत उतरवायची. वहीवर सही मात्र विभागप्रमुखाची, असा नियम होता. विभागप्रमुख म्हणजे डॉक्टर, ज्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे ते मोठे शास्त्रज्ञ. माणूस हुशार होता, त्यात वाद नाही. पण खोली गारठ्याची, म्हणून ते वरून कधी खाली उतरले नाहीत. रोज निरोप यायचा, येतोच. पत्नीने त्यांच्यासाठी एक खुर्ची पुसून ठेवली होती, ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. म्हणून मी थट्टेने त्या खोलीला डॉक्टरांची खोली म्हणू लागलो. ती हसायची. मग शिपाईही तसेच म्हणू लागले, आणि मी दुरुस्तीच्या नोंदवहीतही तेच लिहू लागलो. डॉक्टरांच्या खोलीतला दिवा बदलला. डॉक्टरांच्या खोलीची कडी बसवली.

समितीला एका खोलीला डॉक्टरांचे नाव द्यायचे होते. शोधाशोध करताना त्यांना माझी नोंदवही सापडली. आता दारावर पितळी पाटी आहे आणि रिकाम्या खुर्चीभोवती दोर बांधला आहे, कोणी बसू नये म्हणून.

मी तीन अर्ज केले. समितीचे सचिव गोड माणूस, दर वेळी चहा विचारायचे. तिसऱ्या वेळी त्यांनी नोंदवही माझ्यापुढे उघडली.

"मिस्त्री, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण ती थट्टा होती."

"तसं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेले नव्हते. इतक्या वर्षांच्या वह्यांत तिचे नाव एकदाही नाही, आणि तिची म्हणून जी एक खोली होती ती तिच्या नवऱ्यानेच दुसऱ्याच्या नावावर करून दिली. ती मला यावरून एक शब्द बोलली नाही. नळावरून बोलायची, यावरून नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

४. पत्नीचा वाचायचा चष्मा. काळी फ्रेम, डाव्या काडीला मी बसवलेली पितळी रिव्हेट. समितीने काचा खोक्यांत भरून द्यायला तिला बोलावले होते, तेव्हा शेवटच्या दिवशी तो टेबलावर राहिला. उद्घाटन होऊन खोली लोकांना बघायला खुली झाली, त्यानंतर आठवड्याने आम्ही दोघे तो आणायला गेलो. तो कुलूपबंद काचेच्या कपाटात होता आणि खाली चिठ्ठी होती, "डॉक्टरांचा चष्मा". त्याच भिंतीवर डॉक्टरांचे सात फोटो आहेत. एकातही चष्मा नाही.

मी सचिवांकडे निघालो तेव्हा तिने माझी बाही धरली. कपाटाशी वाकून तिने चष्मा नीट पाहिला. मग म्हणाली, "अहो, निदान पुसायला तरी सांगा त्यांना. डाव्या भिंगावर माझ्या बोटाचा ठसा आहे."

रागापोटी मी सांगितले नाही. ती गेल्यावर वाटले, बरे झाले नाही सांगितले. दर सोमवारी जाऊन तो ठसा बघून यायचो. गेल्या महिन्यात गेलो तर चष्मा लख्ख पुसलेला होता. मी तिथेच बाकावर बसून रडलो. पहारेकऱ्याने पाणी आणून दिले आणि बंद व्हायची वेळ झाली असे सांगितले.

हा चष्मा पत्नीमागे माझा आहे आणि तो मी भाचीला देत आहे. तो तिच्या हाती पडेल अशी मला आशा नाही. तिने कोर्टकचेरीत आयुष्य घालवू नये. तो तिच्या मावशीचा होता आणि ती खोली मावशीची होती, एवढे एका तरी कागदावर असावे म्हणून हे कलम घातले आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ११ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी.

साक्षीदार पहिली: आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई. सही.
साक्षीदार दुसरा: वेधशाळेचा जुना शिपाई. माझ्या थट्टेला सगळ्यांत आधी हसलेला. ती खोली डॉक्टरांचीच होती असे आता त्यालाही वाटते, आणि वाचून झाल्यावर तसे तो मला म्हणाला. तरीही सही केली.

मृत्युपत्र करणारा: मिस्त्री. सही.

वरील अक्षर माझेच आहे. यात थट्टा कुठेही नाही.