मोठा कोण, हिलाल की मी

७ जुलै, सोमवार

हिलाल माझ्यापेक्षा मोठा म्हणे! दूध डेअरीपुढे, चार माणसांत म्हणाला. चुलतभाऊ असला म्हणून काहीही बोलायचं?

थोरले नाना फाल्गुनात गेले. आमच्या भाऊबंदकीत कानबाईला रोटांचा नैवेद्य दाखवायचा मान सगळ्यात वडील पुरुषाचा. आता तो कोण — मी की हिलाल? बाकी सगळे आमच्याहून लहान. कानबाईचा सण ३ ऑगस्टला. म्हणजे महिनाही नाही हातात.

आधार कार्डं काढली. माझी जन्मतारीख १ जून १९५१. त्याचीही १ जून १९५१! शाळेत घालताना गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एकच तारीख लावून टाकली होती. एकोणीस पोरं, एका दिवशी जन्मलेली. गावातल्या सुईणीचे त्या दिवशी काय हाल झाले असतील!

हिलालचं एकच पालुपद — ‘मी आखाजीना शे. मन्ही माय सांगे.’ म्हणजे अक्षय तृतीयेचा. माझी आई मात्र विचारलं की म्हणायची, आखाजीच्या आसपास. आसपास म्हणजे आधीच. मी तरी तसंच धरून चाललोय.

९ जुलै, बुधवार

हेमलताला डोळे तपासायला जातो म्हणून सांगितलं आणि पावणेदहाची एस.टी. धरली. आमच्याकडून तालुक्याला तेवढी एकच जाते. आत हिलाल बसलेला! युरिया बघायला चाललोय म्हणाला. तहसील कचेरीच्या फाटकाशी दोघंही उतरलो. डोळे आणि युरिया, दोन्ही तिथेच मिळत असावं.

पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू वहीत टिपून ठेवायचा. ती कोतवाल बुकं आता कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. तिथल्या दिपमाला मॅडम वयाने आमच्या सुनेएवढ्या, पण आवाज हेडमास्तरचा. म्हणाल्या, पान एकच बघायचंय तर अर्जही एकच करा.

अर्जात ‘कारण’ असा रकाना. मी लिहिलं ‘वैयक्तिक’. हिलालने पुढे ‘मान’ जोडलं. मग सही वर कोणी करायची यावर अर्धा तास गेला. शेवटी मॅडमनी शेजारी-शेजारी करायला लावल्या. तरी डावीकडची जागा त्यानेच पटकावली!

१४ जुलै

कक्षाची किल्ली शिपायाकडे. शिपाई प्रशिक्षणाला गेलेला. कसलं प्रशिक्षण विचारलं, तर जुनी कागदपत्रं जपण्याचं.

१५ जुलै

आज एस.टी. आलीच नाही. हिलालच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. अख्ख्या गावाने पाहिलं. मागे बसणारा धाकटा दिसतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. शिवाय शिपाई अजून परतलेला नाही.

२१ जुलै, सोमवार

खोली उघडली! लाइट नाही. हिलालने बॅटरी धरली आणि मी लाल कापडातले गठ्ठे एकेक सोडले. दोघांच्याही डोक्यावर इतकी धूळ की मॅडमना आम्ही पिठाच्या गिरणीतून आलोय असं वाटलं.

आमचं गाव चाळीस उंबऱ्यांचं. वर्षभरात वहीची चार पानं भरत नाहीत, म्हणून ती कधी या गावाबरोबर बांधलेली, कधी त्या पाड्याबरोबर. १९५० सापडलं, १९५२ सापडलं. १९५१ नाही. दोन्ही वह्या तरीही पानन् पान वाचल्या. पोराचं नाव लिहीत नसत. तिथी, बापाचं नाव, मुलगा की मुलगी, एवढंच.

पण एक मौज झाली. खालच्या आळीतले दिवल्याआबा नव्वदीचे म्हणून दर १५ ऑगस्टला शाल घेतात. त्याच गठ्ठ्यात बांधलेल्या १९४५ च्या वहीत, बापाच्या नावापुढे निघाले! म्हणजे ऐंशीचे! हिलाल इतका हसला की बॅटरी हातातून पडली. मलाही आवरेना. मॅडमनी दोघांना बाहेर काढलं.

परत येताना ठरवलं, आबांचं कोणाला सांगायचं नाही. रात्री जेवायच्या आत गावभर झालं होतं. मी फक्त हेमलताला सांगितलं होतं. हिलाल म्हणतो, त्यानेही फक्त बायकोलाच.

२४ जुलै

हेमलता म्हणाली, ‘रोट मी भाजायचे, खायचे सगळ्यांनी, आणि नुसता हात जोडायला कोण उभं राहणार यासाठी तुम्ही तहसील पालथी घालताय?’ तरी डब्यात कळण्याची भाकरी दोघांपुरती दिली. हिलाल माझ्या घरी सध्या पाणी पीत नाही, पण कचेरीच्या ओट्यावर माझाच ठेचा पुसून खातो. वर म्हणतो, मिरची कमी पडली!

खरं काय ते इथे लिहितो. चौतीस वर्षं दीपनगरला नोकरी केली. गावी येऊन चौदा वर्षं झाली, तरी लोक मला ‘दीपनगरवाले’च म्हणतात, पाहुण्यासारखं. मी एकुलता एक. ना भाऊ, ना बहीण. भाऊबंदकीत एकदा तरी पहिलं नाव माझं निघावं, असं फार फार वाटतं. हिलालला चार भावंडं, तीन नातू, घर भरलेलं. त्याला काय कमी आहे?

२८ जुलै

नाही सापडलं. हिलाल म्हणाला, वाळवीने खाल्लं असेल तर चिठ्ठ्या टाकू. मी नाही म्हटलं. चिठ्ठीत तो नेहमी जिंकतो.

३१ जुलै, गुरुवार

सापडलं! म्हणजे गठ्ठा सापडला. जनावरांच्या गणनेत घुसवलेला होता. हिलाल म्हणाला, ‘बराबर जागावर शे.’

सोडणार तेवढ्यात सहा वाजले आणि शिपायाने खोलीला कुलूप घातलं. उद्या महसूल दिन, कार्यक्रम. परवा शनिवार, सुट्टी. रविवारी कानबाई! मॅडमच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. उद्या कार्यक्रमातून वेळ काढते म्हणाल्या.

झोप येणार नाही. आखाजीच्या आधीचं निघू दे, देवी!

१ ऑगस्ट, शुक्रवार

सत्काराची शाल खांद्यावर तशीच ठेवून दिपमाला मॅडम कक्षात आल्या आणि त्यांनीच वाचून दाखवलं. वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे ऐन आखाजी. झिपरू महादू यांस जुळे मुलगे.

झिपरूकाका म्हणजे हिलालचे वडील. माझ्या वडिलांच्या नावापुढे त्या वर्षी काही नाही. मागच्या-पुढच्या वर्षी तर नाहीच, ते आम्ही आधीच पाहिलंय. भावाला मूल नव्हतं, म्हणून दोनातला एक दिला. कोणी काही बोललं नाही आयुष्यभर. आई गेली, काकू गेली. आता विचारायचं कोणाला?

दोघांतला आधी कोण, ते कोतवालाने लिहिलेलं नाही.

एस.टी.त शेजारी-शेजारी बसलो. मग हिलाल म्हणाला, ‘आते तं मिटनं ना भांडन?’

मी म्हटलं, कसलं मिटतंय? मोठा मीच. आणि मला रडू फुटलं. त्यालाही.