किंगचा पाय

प्रिय ऑर्विलकाका,

लायलचा नमस्कार. तिकडे अ‍ॅरिझोनात तुमची तब्येत उन्हासारखीच खणखणीत असेल, डावा गुडघा कुरकुरत नसेल आणि शेजारचे ते निवृत्त दंतवैद्य तुम्हाला पत्त्यांत फार लुबाडत नसतील, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. थंडी आहे, पण तक्रार करण्याइतकी नाही (काल गाडीचं दार उघडताना हँडल हातात आलं, एवढंच). ठरल्याप्रमाणे मी तुमच्या घरी जाऊन नळ गोठले नाहीत ना ते बघतो आणि आर्डिसकाकूंच्या जिरॅनियमला पाणी घालतो. जिरॅनियम उत्तम आहे. घराचं मी पुढे लिहितो.

नाताळनंतरच्या पत्रात तुम्ही म्हणालात की घर विकून कायमचं तिकडेच राहावं असं मनात आहे. "आर्डिस गेल्यावर आता गावी येऊन बघावं असं काही उरलेलं नाही." ते वाक्य मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. मी वाद घालणारा माणूस नाही, हे तुम्ही जाणता. गावच्या शाळेत आम्हाला मोठ्यांचं ऐकून घ्यायला शिकवलं आणि रविवारच्या शाळेत ते पटवूनही घ्यायला शिकवलं. पण प्रार्थनेला बसलो की तुमचं ते वाक्य मधे येऊ लागलं, आणि एके दिवशी त्याच्या मागोमाग उत्तरही आलं. बघावं असं एक आहे. फक्त ते कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तुमचा किंग. मेन स्ट्रीटवरच्या चपलांच्या बंद दुकानात तुम्ही सहासष्ट साली मांडलेला 'किंग' बनावटीचा तो अवाढव्य लाकडी ट्रॅक, आठ खाचांचा, निळा, कमरेएवढ्या उंचीच्या पायांवर उभा. खाचांतून विजेवर शर्यत पळणाऱ्या वीतभर खेळण्यातल्या मोटारी आणि कडेला हातात बटण दाबून उभं असलेलं निम्मं गाव. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण माझं बालपण त्याच्या गोष्टींवर गेलं. ते वेड ओसरलं तेव्हा तुम्ही तो कुणा ट्रकवाल्याला देऊन टाकलात, आणि त्याचं नावही विचारलं नाहीत. (काकू म्हणायच्या की ट्रक वळेपर्यंत तुम्ही पाठ करून उभे होतात. तुम्ही म्हणता, वारा होता.)

तर जानेवारीभर मी शोधात होतो. काका, त्या काळी असे ट्रॅक गावोगाव होते आणि त्यांचं पुढे काय झालं हे न पाहिलेलंच बरं. साउथ डकोटात एक सापडला, त्याचं खुराडं केलेलं आहे. एकेका खाचेत एकेक कोंबडी, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, जणू झेंडा पडायचीच वाट बघताहेत. आयोवात एक बाई म्हणाली, हो हो, आहे आमच्याकडे, आणि मला एका तबेल्यात नेऊन घोड्यांना फिरवायचं रिंगण दाखवलं (मी ते पूर्ण बघितलं, इतक्या लांब गेल्यावर लगेच निघणं बरं दिसत नाही). एका चर्चच्या जेवणघरात तर मी ज्या टेबलावर सफरचंदाचा केक खाल्ला, त्याच्या कापडाखाली हात गेला आणि बोटाला खाच लागली. तो दुसऱ्याच बनावटीचा निघाला, लहान, नारिंगी. मग लुटेफिस्कच्या जेवणात (मासा यंदा जरा जास्तच थरथरत होता) एक म्हातारे गृहस्थ सहज बोलून गेले की एल्म लेकच्या जुन्या बोलिंग हॉलच्या तळघरात एक निळा किंग होता. बहुतेक अजून असेल. ती इमारत शरदात रोलंड बक्के नावाच्या माणसाने घेतली.

रोलंडला फोन केला. तो भला माणूस आहे, हे आधी सांगतो, कारण पुढे तसं वाटणार नाही. म्हणाला, "आहे. पण शुक्रवारी कापतोय." शनिवारी गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायची स्पर्धा, आणि त्याची बर्फावरची झोपडी जळून गेलेली (स्टोव्ह आत, रोलंड बाहेर). त्याला नव्या झोपडीसाठी फळ्या हव्या होत्या आणि तळघरात तर फळ्याच फळ्या. मी म्हटलं, नव्या आणून देतो. तो म्हणाला, "हं. वेगळं आहे." आता आपल्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, "वेगळं आहे" म्हणतात, हे मी का तुम्हाला सांगू. असं जुनं लाकूड आता मिळत नाही, म्हणाला. शेवटी मोठ्या मनाने त्याने सौदा केला: शुक्रवारी सकाळी ये, माझं दुपारचं जेवण होईपर्यंत तू खोलशील तेवढं तुझं, जेवलो की करवत घेणार, मग राहील ते माझं. मी आभार मानले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ट्रॅक हे वाटोळं प्रकरण आहे. अर्धा मिळून काही उपयोग नाही. मोटार जाईल आणि परत येणार नाही.

म्हणून मी बर्निसबाईंना फोन केला. देवाकडे लाकडासाठी काही मागावं का, यावर मी बराच विचार केला होता. मग वाटलं, ज्याच्या मुलाने सुतारकाम केलं त्याला हे समजेल. आपल्या चर्चची प्रार्थनासाखळी कशी चालते हे तुम्ही जाणताच. बर्निसबाई एकीला फोन करतात, ती दुसरीला, ती तिसरीला, आणि शेवटच्या घरी निरोप पोचतो तेव्हा तो आपलाच आहे हे ओळखता येत नाही. (तुमच्या मूतखड्याच्या वेळी शेवटच्या घरी तुमच्यावर दरड कोसळली होती.) म्हणून मी मोजकंच आणि स्पष्ट बोललो: एल्म लेकला किंग सापडलाय, फार जुना आहे, जुन्या बोलिंग हॉलच्या तळघरात पडून आहे, शुक्रवारी दुपारी कापणार आहेत. बर्निसबाईंनी विचारलं, कुठून? मी म्हटलं, सुरुवात पायापासून करतील. त्या म्हणाल्या, "अरे देवा." मला वाटलं, किती ही आस्था.

शुक्रवारी उजाडताच मी पाना आणि तेलाचा डबा घेऊन तळघरात उतरलो. रोलंडने दिवा लावला. काका, तो होता. धुळीचा जाड थर, वर बोलिंगचे फुटके पिन, पण आकार तोच; ते उंच कलतं वळण तुम्ही हवेत हाताने काढून दाखवायचात ना, तेच. तरी मन म्हणत होतं, किंग त्या काळी पुष्कळ बनले; हा तुमचाच कशावरून? पण विचार करायला वेळ नव्हता. मी खाली सरकून पहिल्या बोल्टला पाना लावला. बोल्ट हलला नाही. दुसरा हलला नाही. तेल घातलं, ठोकलं, देवाचं नाव घेतलं (आदरानेच). रोलंड शेजारी करवतीची वायर उलगडत बसला होता आणि मधून मधून हळहळत होता. "गंजलाय," म्हणाला. मी म्हटलं, हो. "मलापण वाईट वाटतंय," म्हणाला. आणि त्याला खरंच वाटत होतं, हेच वाईट. त्याच्या जेवणाचा डबा शेजारच्या खोक्यावर होता. डबा कसला, कागदात गुंडाळलेलं एक सँडविच. एवढंसं. मी पान्याला लोंबकळत होतो आणि नजर त्या सँडविचवर होती. चार घासांत संपणारी गोष्ट, आणि तिच्यापुढे आपला किंग.

पहिला जोड सुटला तेव्हा माझ्या बोटांची सालटं निघाली होती. दुसरा अर्धा सुटला. रोलंडने घड्याळाकडे पाहिलं आणि अगदी संकोचून म्हणाला, "पातं चालतं का बघू का? एकच पाय." मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "वेगळं आहे." तोही आपल्याच भागातला, त्याला कळलं, पण करवत आधीच सुरू झाली होती. तो आवाज माझ्या दातांत गेला. कोपऱ्यातला पाय तुटून जमिनीवर पडला, ट्रॅक कण्हल्यासारखा खाली कलला, आणि रोलंडने करवत बंद करून सँडविचकडे हात नेला.

त्याच वेळी वर पावलं वाजली. पुष्कळ पावलं. जिना करकरला आणि टॉवेलात गुंडाळलेली भांडी छातीशी धरून आपल्या चर्चच्या बायका एकामागून एक खाली उतरल्या. पुढे बर्निसबाई. रोलंडने टोपी काढली.

"पेशंट कुठाय?" बर्निसबाई म्हणाल्या.

"कोण पेशंट?"

"मिस्टर किंग. तळघरात ठेवतात का हो कुणी आजारी माणसाला?" मग त्यांची नजर रोलंडच्या हातातल्या करवतीवर गेली. मग जमिनीवर पडलेल्या पायावर. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "भूल तरी दिली होती का?"

मी ट्रॅकखालून बाहेर आलो आणि सगळं सांगितलं. काका, सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आपापल्या भांड्यांकडे. कुणी रात्रभर जागून शेवया शिजवल्या होत्या, कुणी बटाट्याच्या गोळ्यांचा थर लावला होता, आणि हे सगळं एका टेबलासाठी. "ट्रॅक," मी म्हटलं. बर्निसबाई म्हणाल्या, "वेगळं आहे." मी डोळे मिटले. संपलं, असं वाटलं.

पण त्यांनी भांड्यावरचा टॉवेल काढला आणि ट्रॅकची कड पुसली. एकदा, मग पुन्हा. आठ खाचांना आठ रंग असतात आणि कडेचा पहिला लाल असतो, सगळीकडे; मी खुराड्यातसुद्धा बघितला आहे. इथे पहिला हिरवा होता. लाल तिसऱ्या जागी. "अगं बाई," बर्निसबाई म्हणाल्या, "ही तर ऑर्विलची हिरवी! मी इथे उभी असायची आणि आर्डिस तिथे. पहिल्या खाचेला हिरवा फासून वर 'लाल' म्हणून ठणकावणारा माणूस या राज्यात एकच झाला." (रागावू नका. रंगांचा तुमचा घोळ तुम्हाला मान्य नाही हे मी त्यांना सांगितलं.) मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "प्रार्थना झालेली आहे. ती काही परत घेता येत नाही. रोलंड, तुमचं जेवण झालं का?"

"बसतच होतो," तो म्हणाला.

"मग बसा."

आणि तिथे सुटका झाली. कारण एका बाईच्या भांड्यातलं हॉटडिश चाखून दुसरीचं तसंच ठेवणं आपल्याकडे शक्य आहे का? त्याने पहिल्यातलं घेतलं, दुसरी म्हणाली माझ्यात मशरूम आहेत. दुसऱ्यातलं घेतलं, तिसरी काहीच म्हणाली नाही, नुसती बघत राहिली, ते तर जास्तच वाईट. तो बिचारा जेवत होता आणि मी खाली पाना फिरवत होतो. त्याचा वेग मंदावला की बर्निसबाई म्हणायच्या, "लायल, झालं का?" आणि मी खालून ओरडायचो, "अजून एक वाढा!" जेलीचं सॅलड आलं तेव्हा त्याने माझ्याकडे बुडत्या माणसासारखं पाहिलं. जेवण झालं असं तो म्हणाला नाही, म्हणूही शकला नाही, आणि शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा त्याने स्वतःच करवतीची वायर गुंडाळली. म्हणाला, आता कापलं तरी बर्फ मला पेलणार नाही. पण स्पर्धा तर होतीच, तेव्हा त्याला एक तयार झोपडी देऊन सौदा मिटवला (कुणाची, ते खाली). बायकांनी एकेक तुकडा उचलून जिन्यावरून वर नेला, अगदी अलगद, बाजूला सरका, पाय सांभाळा, असं म्हणत. तुटलेला पाय बर्निसबाईंनी टॉवेलात गुंडाळून आपल्या मांडीवर ठेवून आणला.

बाकी सर्व क्षेमकुशल. ऊन फार असेल तर टोपी घालत जा.

तुमचा पुतण्या,
लायल

ता. क. झोपडी तुमची होती. शेडमध्ये उगाच पडून होती. रोलंड स्पर्धेत तिसरा आला आणि आभार कळवतो.

ता. क. किंग तुमच्या बैठकीत मांडला आहे. सगळा मावत नव्हता. बैठक आणि गॅरेज यांच्यामधली भिंत तुम्हाला आठवत असेल, तर आठवणीतच ठेवा. सोमवारी घरांची दलालीण गिऱ्हाईक घेऊन आली होती. दोघंही बराच वेळ बघत उभी राहिली आणि "वेगळं आहे" म्हणून निघून गेली. तेव्हा घर विकायचं तूर्त काही जमेलसं दिसत नाही. वीज जोडून ठेवली आहे. मी अजून एकही मोटार सोडलेली नाही. पहिला फेरा तुमचा, तुमच्या हिरव्यावरून. तुम्ही त्याला लाल म्हणा, माझी हरकत नाही.

ता. क. आणखी एक, आणि घाईचं. रविवारी मी बर्निसबाईंना एवढंच म्हणालो होतो, की ऑर्विलकाका घरी यावेत म्हणून साखळीत प्रार्थना धरा. आज सकाळी शेवटच्या घरच्या बाई मला टपालकचेरीत भेटल्या, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे पुसले. त्यांच्यापर्यंत निरोप पोचला तोवर तुम्ही देवाघरी गेला आहात. बुधवारी सगळ्या भांडी घेऊन तुमच्या दाराशी येणार आहेत. एवढं सगळं मला एकट्याला खाववणार नाही. दार उघडायला तुम्ही असलात तर बरं.