पहिल्या विल्यमची चौकट

मेडनहेड
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

वरदे,

तुला, उदयरावांना आणि सीमाला दिवाळीचे भरभरून आशीर्वाद. पत्र सांगलीला पोचेल तेव्हा तुमचा फराळ संपून डबेही घासून झालेले असतील. पण फोनवर तुझ्याशी खासगी बोलायची सोय कुठे आहे? तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि मी तुला काही विचारलं की स्वयंपाकघरातून तुझी सून उत्तर देते. सीमा गुणी आहे, पण हे तिच्यासाठी नाही. वाचून झालं की फाडून टाक.

माझं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो. जीपी म्हणतो वजन कमी करा, जणू मला हे माहीतच नव्हतं. बॉयलर एकदाचा बदलून घेतला. अक्षयाला सातवा महिना लागलाय. मुलगी आहे, इथे स्कॅनमध्येच सांगून टाकतात. तब्येत चांगली आहे, जावईबापू बेन तिला फुलासारखं जपतात. सगळं छान आहे.

सगळं छान आहे, पण तिची सासू आहे ना.

तू ज्यूडिथला लग्नात पाहिलंस. उंच, पांढरे केस, तुझी पैठणी हातात धरून दहा मिनिटं तिच्या काठाबद्दल विचारत होती ती. नवरा गेल्यापासून तिला पेटिफर घराण्याची मुळं शोधायचं वेड लागलंय. नवऱ्याचं घराणं हो, स्वतःचं नव्हे. या पेटिफरांचा कुणी विल्यम सफोकमधल्या खेड्यातून सोळाशे पस्तीस साली बोटीत बसून अमेरिकेला गेला. तिथे तेव्हा नुकती वस्ती होत होती. जंगल तोडून घर बांधलं, शेत केलं, आणि वीस वर्षांनी त्याचा मुलगा परत इंग्लंडला आला. हे सगळे त्याचे वंशज. वॉलपेपरच्या अख्ख्या गुंडाळीच्या मागच्या बाजूला तिने हा वंशवृक्ष काढलाय आणि जेवणाच्या खोलीत भिंतभर लावलाय. चौदा पिढ्या. प्रत्येकाला शाईने आखलेली चौकट. त्याच्या उजव्या टोकाला बेन, शेजारी अक्षया, आणि अक्षयाच्या वर मी आणि मिलिंद. आमच्या वर आपले आईबाबा आणि मिलिंदचे आईबाबा. त्याच्या वर कोरा कागद.

मला एकदा विचारलं, तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय? मला येईना. तुला येतं का? मी म्हटलं, आमच्याकडे बायकांची नावं लग्नात बदलायचे, त्यामुळे सांगता येत नाही. ती "ओह, व्हॉट अ पिटी" म्हणाली आणि माझ्या पोरीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पिटी माझी, आणि हात तिच्या खांद्यावर.

मला हेवा वाटतो, वरदे. लिहूनच टाकते. सहासष्टाव्या वर्षी मला माझ्या विहिणीचा हेवा वाटतो, आणि तो त्या विल्यमचा नाही. अक्षया दर शनिवारी तिच्याकडे असते. मार्लोला तिचं घर अक्षयाच्या घरापासून दहा मिनिटांवर, माझं पंचवीस. दोघी जुन्या चर्चच्या नोंदवह्यांचे फोटो मोठे करून वाचत बसतात, हसतात, बिस्किटं खातात. मी लहानपणी तिला मराठी वाचायला बसवायची तर पोटात दुखायचं हिच्या. आता चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याचं अक्षर लावते.

उन्हाळ्यात दोघी सफोकला जाऊन आल्या. तिथून मला फोन. अक्षया रडत होती. मी घाबरले, म्हटलं बाळाला काही झालं की काय. तर म्हणाली, "आई, त्या विल्यमच्या वाइफला बोटवर मुलगी झाला. चार दिवसात गेला. त्यांनी तिला समुद्रामध्ये ठेवली. तिला नाव पण नाही आई, नुसतं डॉटर लिहिलाय." आणि हुंदके. ज्यूडिथ मागून तिला समजावत होती. दोघींनी मिळून त्या मुलीची चौकट काढली, आत लिहिलं, मुलगी, १६३५.

चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या पोरीसाठी माझी पोर रडत होती आणि मी इथे फोन धरून उभी होते. असो.

तर आता मी काय केलं ते सांगते. मी लायब्ररीत सत्तावीस वर्षं काढली, म्हणून ज्यूडिथने मोठ्या कौतुकाने मलाही त्या नोंदवहीच्या फोटोंचा एक गठ्ठा वाचायला दिला. म्हणाली, तुमची नजर तयार आहे. मी चष्मा लावून बसले. मदत करायला नव्हे. चूक शोधायला. आणि सापडली. त्यांचा विल्यम बाप्तिस्म्याच्या पानावर सोळाशे नऊ साली आहे, आणि पुढच्याच वर्षी दफनाच्या पानावर स्वच्छ लिहिलंय, विल्यम पेटिफरचा मुलगा विल्यम. अगं, जो पोरगा पाळण्यातच गेला तो पंचवीस वर्षांनी बोटीत कसा बसेल? म्हणजे तो बोटीतला विल्यम भलताच कुणी, आणि ही भिंतभर चौदा पिढ्यांची वेल हवेत.

तीन आठवडे मी हे कुणाला बोलले नाही. स्वयंपाक करताना आठवायचं आणि बरं वाटायचं.

डोहाळजेवण मी अठ्ठावीस सप्टेंबरला ठरवलं होतं. हिरवी साडी आणून ठेवलेली, गजऱ्यांसाठी साउथॉलला सांगितलेलं. अक्षयाचा मेसेज आला, आई, एक आठवडा पुढे करू या का, ज्यूडिथने त्याच दिवशी अमेरिकेच्या कझिन्सना लंचला बोलावलंय, तू पण ये. म्हणजे विल्यमच्या वंशजांसाठी माझं डोहाळजेवण पुढे. मी "हो चालेल" लिहिलं, खाली हसरा चेहराही टाकला. आणि त्या पानाची झेरॉक्स पर्समध्ये घातली.

बाकी उद्या लिहिते. चकलीचं पीठ भिजवून ठेवलंय, ते जास्त वेळ ठेवलं तर चकल्या तेल पितात.

शुक्रवार

त्या लंचला अमेरिकेतल्या कनेटिकटहून एक नवरा-बायको आले होते, साधी माणसं. त्यांच्याकडच्या पेटिफरांची कागदपत्रं घेऊन आलेले. सगळे त्या भिंतीपुढे ग्लास घेऊन उभे. अक्षया त्यांना बोटाने चौकटी दाखवत होती, जणू तीच पेटिफरांची लेक. मी पुढे झाले. अगदी गोड आवाजात म्हटलं, ज्यूडिथ, मला वाटतं एक छोटी अडचण आहे. आणि कागद उघडून सगळ्यांसमोर वाचला.

मला वाटलं, जिंकले.

ज्यूडिथने कागद पाहिला आणि हळूच म्हणाली, "हो श्यामला, हा पहिला विल्यम. तो गेला. सोळाशे अकराला पुढचा मुलगा झाला, त्यालाही विल्यमच नाव ठेवलं. तेव्हा इथे तसंच करायचे, गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला." आणि भिंतीवर बोट ठेवलं. विल्यमच्या चौकटीच्या डावीकडे अंगठ्याएवढी एक चौकट होती. विल्यम, १६०९ ते १६१०. दीड वर्ष ती भिंत माझ्यासमोर होती. मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती, कारण पाहिलं की माझा जळफळाट व्हायचा.

तूच सांग, मला हे कसं सुचणार? आपल्याकडे गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवणं सोड, आपण ते नाव तोंडातूनही काढत नाही.

अमेरिकन बाई म्हणाल्या, किती बारकाईने वाचलंय तुम्ही. अक्षयाने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलंय हे मला कळलं. आपली पोर आपल्याला लहान मुलासारखं ओळखते तेव्हा फार वाईट वाटतं, वरदे.

मी प्लेट्स उचलून स्वयंपाकघरात गेले. ज्यूडिथ मागून आली, दार लोटलं. मला वाटलं आता बोलेल चार शब्द, आणि मला ते हवेच होते. मीही दिले असते. तर म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. मार्चपासून सांगेन म्हणतेय. मी अक्षयाच्या वाढदिवसासाठी तुमच्या बाजूचं झाड वाढवायला बसले होते. इंग्लंडच्या जन्मनोंदींत तुमचं आठल्ये आडनाव टाकलं. मला वाटलं एक येईल. दोन आली."

मी नळ सोडला. हातात काही नव्हतं धुवायला.

ती म्हणाली, "मी ते पान बंद केलं. अक्षयाला बोलले नाही, बेनलाही नाही. ते नाव तुमचं आहे. सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा."

मार्चपासून. सात महिने ती माझ्यासमोर बसून माझे बटाटेवडे खात होती आणि तिला माहीत होतं. आताच बाहेर मी तिला चारचौघांत खाली पाहायला लावायला निघाले होते, आणि ती एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकली असती. तिने दार लोटून घेतलं. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं. ती चांगली आहे, याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो.

वरदे, तू होतीस तेव्हा. मँचेस्टरला माझ्या पहिल्या बाळंतपणाला मुद्दाम आली होतीस, बावीस वर्षांची. बाराव्या दिवशी बारसं ठरवलं होतं, गावातल्या सगळ्या मराठी कुटुंबांना बोलावणं गेलं होतं. ती नवव्या दिवशी गेली. त्या सगळ्यांना फोन करून येऊ नका म्हणून तू सांगितलंस, माझ्याच्याने होत नव्हतं. पाळण्यात कुणी घातलं नाही, कानात कुणी नाव सांगितलं नाही. मग मिलिंदला नोंदणीच्या ऑफिसात जावं लागलं आणि तिथल्या बाईने विचारलं, नाव? त्याने आपण ठरवलेलं सांगितलं. घरात कधीच न उच्चारलेलं माझ्या लेकीचं नाव इंग्लंडच्या सरकारी वहीत मात्र आहे. चारशे वर्षांनी कुणी शोधलं तरी सापडेल. ज्या वह्यांना मी दीड वर्ष नावं ठेवतेय, त्यांच्यातच.

आईचं पत्र आलं होतं, त्या बाळाचं नाव घेऊ नका, पुढच्याला बरं नसतं. तूही तेच म्हणालीस. मी ऐकलं. चार वर्षांनी अक्षया झाली, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. शाळेत असल्यापासून ती सगळ्यांना सांगते, मी एकुलती एक. मी शेजारी उभी राहून मान हलवते. मिलिंद जाताना म्हणाला होता, पोरीला सांग. मी म्हटलं, बघू. सहा वर्षं बघतेच आहे.

मँचेस्टरची ती मंडळी केव्हाच पांगली, आणि आता जगात हे तीन जणींना माहीत आहे. तू, मी, आणि मार्लोची ज्यूडिथ पेटिफर. माझ्या पोरीच्या आधी तिच्या सासूला. हे मला सोसत नाही, काय करू? झोपेतून उठले की पहिलं हेच आठवतं.

अक्षयाने मला एक कागद देऊन ठेवलाय, आईच्या बाजूचं झाड भरून दे म्हणून. रविवारी ती फराळाला येते तेव्हा घेऊन जाणार, आणि बाळ यायच्या आत भिंतीवर चढवणार. ज्यूडिथला मी रविवारी बोलावलेलं नाही. तिच्या चकल्या सोमवारी पोचत्या करीन, चांगल्या झाल्यात, चार जास्तच देईन. पण रविवार माझा आहे.

कागद भरलाय. आपल्या आजीच्या माहेरचं नाव तेवढं रिकामं आहे, तुला आठवलं तर कळव. माझ्या आणि मिलिंदच्या खाली अक्षयाने एकच चौकट काढली होती, तिची. तिच्या डावीकडे मी पट्टी धरून दुसरी काढली. अंगठ्याएवढी नाही, अक्षयाच्या चौकटीएवढीच. नाव लिहिलं, दोन तारखा लिहिल्या. पेन्सिलने नाही, पेनाने. माझं अक्षर अजून चांगलं आहे. ते नाव नातीला ठेवा असं मात्र मी म्हणणार नाही, पेटिफरांकडे काहीही पद्धत असो. ते तिचंच राहू दे.

गरोदर बाईला रडवू नये, हे तू आता फोन उचलून सांगशील. म्हणूनच पत्र टाकतेय, तुझ्या हातात पडेपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल. रडेल ती, माझ्यावर चिडेल, कदाचित तशीच उठून ज्यूडिथकडे जाईल. जाऊ दे. पण समुद्रात सोडलेल्या त्या बिननावाच्या मुलीसाठी रडली, तेवढी तरी तिच्या बहिणीसाठी रडू दे. मला तेवढंच हवंय.

ते दुपटं तू सोबत घेऊन गेली होतीस, आईने शिवलेलं. असेल तर पाठव.

आणि पत्र फाडू नकोस.

तुझी ताई,
कस्तुरीची आणि अक्षयाची आई,
श्यामला