फ्रीजवरचं कात्रण

प्रिय ताई,

पत्र बघून म्हणशील, प्रोफेसरांना फोन परवडेनासा झाला की काय! तसं नाही गं. तब्येतीला जप, असं लिहायला घेतलं होतं, पण आज माझ्या तोंडी ते शोभत नाही.

माझं कात्रण फ्रीजवर लावलंयस म्हणे. 'हळदीतल्या द्रव्याने मरतात कर्करोगाच्या पेशी', आणि खाली परीटघडीच्या कोटातला मी. भाऊजी सांगत होते, आल्यागेल्याला दाखवतेस. गणितात गटांगळ्या खाणाऱ्या मला बाबांच्या तडाख्यातून तूच सोडवायचीस, तेव्हा मिरवायचा हक्क तुझाच. पण ताई, ते कात्रण काढून टाक.

आम्ही पेशी काचेच्या ताटलीत वाढवतो. त्यात एक रंग घालतो, म्हणजे मरणारी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. हळदीतलं द्रव्य घातलं आणि ताटलीभर हिरवंगार! आम्ही नाचायचेच बाकी होतो. परवा एका ताटलीत मी रंग घालायलाच विसरलो, तरी तसंच हिरवंगार. ते द्रव्य त्या उजेडात स्वतःच चमकतं, ताई. बिनरंगाची ताटली आधी तपासा, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी बजावतो, आणि घाईघाईत मीच ती वगळली होती. पुन्हा मोजलं तर मेलेल्या पेशी अगदी थोड्या. मसाल्यांतल्या द्रव्यांतून रोग टाळणारं काही पुढे सापडेलही, मी शोधत राहीन. पण पोटात घेतलेली हळद रक्तात जेमतेम उतरते, आणि झालेली गाठ तिने जाते असं कुणीच सिद्ध केलेलं नाही.

प्रयोगशाळेत चूक सांगून टाकली. तिथे खाली गेलेली मान कधीतरी वर येईल, तुझ्यापुढे ती येत नाही. तू छातीतल्या गाठीचं ऑपरेशन पुढे ढकललंस, रोज चमचाभर हळद घेतेस, माझा भाऊ उगाच बोलणार नाही म्हणतेस, हे भाऊजींनी मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. ऐकून मी घाबरायला हवं होतं. पण मला बरं वाटलं गं, अंगावर मूठभर मांस चढलं. माझा प्रयोग खरा असता तरी मी त्याच दिवशी धावत यायला हवं होतं. मला लाज वाटते ती याची.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू हसून विषय बदलला असतास, आणि मीही हुश्श करून सुटलो असतो. म्हणून लिहितोय. तुझ्या डॉक्टरीणबाईंशी बोललो. गाठ अजून लहान आहे, निघेल, पण आता थांबायचं नाही, असं त्या म्हणाल्या. मंगळवार त्यांनी तुझ्यासाठी राखून ठेवलाय. सोमवारी सकाळी मी दारात उभा असेन. हव्या तेवढ्या शिव्या घाल, फक्त बॅग भरता भरता घाल. माझ्या शब्दावर थांबलीस ना ताई, आता माझ्याच शब्दावर नीघ.

तुझाच,
कोट उतरवलेला प्रोफेसर