बारवेतले मूळ पुरुष

२ मे २०१३, सकाळी ७
ऐतिहासिक दिवस! दुष्काळाने गावाबाहेरची जुनी बारव तळाला गेली आणि शेवटच्या पायरीशी एक कोरीव दगड उघडा पडला. वर चंद्र-सूर्य, मधे घोडा, शेजारी एक बाई, खाली चार ओळींचा लेख. घोडा म्हणजे सरदार. सरदार म्हणजे आमचंच घराणं, दुसरं आहे कोण गावात? घोड्याचे कान जरा लांब आहेत, पण जुन्या काळी असतील तसे.
तीस वर्षं सोसायटीचा सचिव होतो. रिटायर झाल्यापासून कोणी नमस्कारसुद्धा करत नाही. आता करतील.
संकल्प: पाणीटंचाई पाहता आजपासून चहा बंद. (सकाळचा झाला आहे, तो धरायचा नाही.)

४ मे
ग्रामवारसा संवर्धन सहकारी संस्था (नियोजित) स्थापन. सभासद अकरा. ठराव क्र. १: बारवेतली आकृती म्हणजे श्री. सुंदरराव यांचे मूळ पुरुष. सूचक मी. अनुमोदक शहादेव, डुलकीत होता, पण हात वर होता. सर्वानुमते मंजूर.
दगडाच्या वरच्या कोनाड्यात पाटी लावली: 'आमचे मूळ पुरुष. शोधक: सुंदरराव, निवृत्त सचिव.'
गावात सगळ्यात म्हातारी केशरबाई. ती खाली वाकून बघत म्हणाली, की आरं, हे तर गाढव हाय. वारशाची समज सगळ्यांना कुठून असणार? मिनिट्समध्ये घेतलं नाही.

६ मे
बीडच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडम नऊ तारखेला दगड वाचायला येतात म्हणाल्या. छान.
अडचण एकच. एक दिवसाआड येणारा टँकर बारवेतच रिकामा होतो आणि बायका तिथूनच घागरी भरतात. पाणी ओतलं की मूळ पुरुष बुडतात. म्हणून टँकरवाल्या बंकटला लेटरहेडवर पत्र दिलं: आठ तारखेची खेप टाकू नये. तो म्हणाला, की आन् बायांनी काय प्यावं? मी म्हणालो, वारशासाठी त्याग लागतो. तो म्हणाला, की मग सही करा ठळक, शिव्या माझ्यावर नकोत. ठळक केली. एक प्रत बारवेच्या तोंडाशी चिकटवली, शिक्क्यासह.

८ मे
टँकर आला नाही. प्रशासन असं हवं!
सौ. विमल दोन कोसांवरून, सुग्रीवच्या मळ्यातून पाणी घेऊन आली. चहा मागितला, तर तिने रिकामं पातेलं पुढ्यात ठेवलं. म्हणजे संकल्प पाळला गेला.

९ मे
मॅडमचा फोन: पेपर तपासायचे आहेत, अकरा तारखेला येते. बंकटला दुसरं पत्र. एकाच खेपेचा तर प्रश्न आहे.

१० मे, दुपार
आजची खेप बंकटने शेजारच्या गावाला दिली.
सुग्रीवच्या मळ्यातून येताना विमलला उन्हात चक्कर आली. केशरबाईने स्वतःच्या घागरीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. निरोप आला तेव्हा मी उद्यासाठी फेट्याची प्रॅक्टिस करत होतो. लगेच निघालो. (फेटा सोडायला थोडा वेळ लागला.)
मी पोचलो, तर विमलने माझ्याकडे न बघता घागर पुन्हा डोक्यावर घेतली. ती असं करते तेव्हा मला भीती वाटते. उद्याचा कार्यक्रम झाला, की सगळं भरून काढतो.

११ मे, सायंकाळी
मॅडम आल्या. सगळं गाव पायऱ्यांवर. दगड धुवायला तांब्याभर पाणी मागितलं, तर गावात कुणाकडे नव्हतं. शेवटी केशरबाईने तिचं दिलं.
मॅडम म्हणाल्या, हा घोडा नाही, गाढव आहे. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. नियम मोडणाऱ्यासाठी दगडावर कोरलेली शिवीच ती. गाढव त्या बाईशी काय करतंय, ते त्यांनी सांगितलं नाही. बायकांनी आपापलं ओळखलं आणि तोंडाला पदर लावला.
मग लेख वाचला: या बारवेचं पाणी जो कोणी गावाला बंद करील, त्याच्या आईला हे गाढव... पुढे मॅडमना वाचवेना.
सगळ्यांनी आधी माझ्या पाटीकडे पाहिलं, मग वर पत्राकडे. सही तिथूनही दिसत होती.
कुणी हसलं नाही. मग विमल हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मला इतकी लाज वाटली, आणि इतकं बरंही वाटलं.

१२ मे
ठराव क्र. १ रद्द करायला तातडीची सभा. कोरम शून्य. टँकर आलेला, सगळे बारवेवर. रजिस्टर घेऊन तिथेच गेलो. विषय: सदर गाढव आमचे मूळ पुरुष नाहीत.
केशरबाई म्हणाली, की ऱ्हाऊ द्या की, लई दिसांनी वळख पटलीय. ठराव बहुमताने नामंजूर. मिनिट्स मीच लिहिली, सवय.
दगड पाण्याखाली गेला. पाटी तेवढी वर राहिली.
विमलने माझ्या हातातलं रजिस्टर काढून घेतलं आणि दोन घागरी दिल्या. रांगेत नंबर एकोणचाळिसावा. कावड करून चार खेपा केल्या, दोन आमच्या, दोन केशरबाईच्या. शेवटच्या खेपेला विमल वरून ओरडली, की सरदार, पायरी बघून.
मी बघून चढलो.